राउटरची वीट होते तेव्हा

फर्मवेअर अपडेटची पट्टी निम्म्याच्या पुढे सरकली आणि घरातली लाइट गेली. पावसाळा तोंडावर होता, वारा सुटला की लाइट जाणार हे ठाऊक होतं, तरी राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचं राहून गेलं होतं. लाइट आली, पंखे फिरू लागले. राउटरचा पॉवरचा दिवा मात्र नुसता लुकलुकत राहिला. वायफाय गायब, सेटिंगचं पान उघडेना, रिसेटचं बटण दाबूनही उपयोग नाही. अशा राउटरला जाणकार ‘ब्रिक झाला’ म्हणतात. म्हणजे त्याची वीट झाली, दाराला टेकण लावण्यापुरता तो उरला. असे कितीतरी राउटर भंगारात जातात. पण दिवा लुकलुकवायलासुद्धा आत कुठलातरी प्रोग्रॅम चालू असावा लागतो. मग तो कोण?

उत्तर राउटरच्या फ्लॅश चिपमध्ये आहे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा २००२ च्या अखेरीस आलेला गाजलेला राउटर घ्या. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही चिप अवघी ४ एमबीची होती. तिच्या पहिल्या २५६ केबीमध्ये बूटलोडर बसतो, त्यापुढे मुख्य फर्मवेअर आणि अगदी शेवटी आपली सेटिंग्ज. या जातीच्या फ्लॅशमध्ये लिहिणं म्हणजे १ चा ० करणं. ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा कप्पा पुसावा लागतो. त्यामुळे अपडेट चालू असताना जुनं पुसलं गेलंय आणि नवं पूर्ण उतरलेलं नाही, अशी वेळ येतेच. नेमकी तेव्हा लाइट गेली की फर्मवेअर अर्धवट राहतं. बूटलोडरला मात्र सहसा धक्का लागत नाही, कारण नेहमीचं अपडेट त्याच्या कप्प्याला हातच लावत नाही.

वीज मिळताच प्रोसेसर आधी बूटलोडर चालवतो. ब्रॉडकॉमच्या चिपवर चालणाऱ्या त्या पिढीच्या राउटरांत बूटलोडर फर्मवेअरची बेरीज तपासतो. ती जुळली नाही तर पुढे न जाता लॅन केबलवरून कुणी नवी फाइल देतंय का, याची वाट पाहतो. माझाही राउटर त्याच जातीचा होता.

वायफाय आणि नेटवर्कवरचे पत्ते वाटण्याचं काम फर्मवेअरचं, म्हणून संगणकाला पत्ता हातानं द्यावा लागतो. मी १९२.१६८.१.१० दिला, केबल जोडली आणि राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं. उत्तर आलं! उत्तरासोबत टीटीएल नावाचा एक आकडा येतो. राउटरमधली लिनक्स प्रणाली जागी असेल तर तो ६४ असतो. माझ्यासमोर १०० होता. म्हणजे बोलत होता तो बूटलोडर.

फाइल पाठवायची टीएफटीपीनं. या पद्धतीच्या नियमांचा मसुदा एमआयटीच्या कॅरेन सॉलिन्स यांनी १९८१ मध्ये लिहिला. तिच्यात पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही. ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. तिसऱ्या तुकड्याची पोच आल्याशिवाय चौथा निघत नाही. ३ एमबीची फाइल अशा सहा हजारांहून जास्त तुकड्यांत जाते. हा साधेपणा मुद्दाम राखलेला आहे. पद्धत इतकी लहान, की बूटलोडरच्या चिमुकल्या जागेत ती मावते.

फाइल काही सेकंदांत गेली. खरी परीक्षा त्यानंतरची, कारण चिप एकेक कप्पा पुसत आणि लिहीत असते. दिवे कसेही लागोत, निदान पाच मिनिटं अडॅप्टरला हात लावायचा नाही.

ही युक्ती जगभर पसरली ती डब्ल्यूआरटी५४जीमुळेच. त्याचं फर्मवेअर लिनक्सवर बेतलेलं निघालं, २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला, २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. हौशी मंडळींनी राउटर बिघडवले आणि जिवंत करायलाही शिकले. कधीकधी फर्मवेअरची बेरीज जुळते, पण ते सुरूच होत नाही. तेव्हा बूटलोडर थांबतच नाही. म्हणून ‘बूट वेट’ ही सेटिंग आधीच चालू ठेवायची. मग दर वेळी सुरू होताना तो काही सेकंद थांबतो आणि तेवढ्यात फाइल पाठवता येते. बूटलोडरच पुसला गेला तर मात्र राउटर उघडून जेटॅगच्या पिनांना वायरी जोडाव्या लागतात. १९९० मध्ये प्रमाणित झालेली ही सोय मुळात सर्किट तपासण्यासाठीची, पण तिच्यातून चिपमध्ये थेट लिहिता येतं, अगदी संथपणे.

तेव्हा अपडेटपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. राउटरच्या पोटावरच्या लेबलवर मॉडेलसोबत हार्डवेअर व्हर्जन असतं, फाइल त्याच व्हर्जनची हवी. अपडेट वायफायवरून न करता केबलनं करावं. आणि राउटर इन्व्हर्टरवर असावा. आता काही राउटरांत फर्मवेअरच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी उठते. पण मूळ शहाणपण तेच: सगळं बदलताना एक लहानसा भाग असा राखावा, ज्याला बदलाचा हात लागणार नाही.

घड्याळात पाच मिनिटं झाली. पिंग चालूच ठेवलं होतं. मध्ये काही ओळी उत्तराविना गेल्या. मग पुन्हा उत्तर आलं आणि ओळीच्या शेवटी १०० च्या जागी ६४ होता. पॉवरचा दिवा लुकलुकायचा थांबून शांतपणे तेवत होता.