काकूंच्या हातचा टोन

नवरात्र जवळ आलं की आमच्या टेंभी नाक्यावर घरात बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. आनंद दिघे यांनी सुरू केलेला हा उत्सव. देवीच्या मंडपाची ठोकाठोक, स्पीकरची तपासणी, आणि संध्याकाळी बेंजो पार्टीच्या पोरांचा सराव. मागच्या वर्षी नेमक्या याच दिवसांत माझ्या लेकीच्या इलेक्ट्रिक गिटारने असहकार पुकारला.

गिटार तशी जुनीच, सेकंडहँड घेतलेली. एक व्हॉल्यूमचं बटण, एक टोनचं. टोनचं बटण जरा फिरवलं की तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी खरखर, आणि आवाज मात्र एकसारखा चिरका. शिवाय मागे भुंग्याची अखंड गुणगुण. कोजागिरीला सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवायचं तिने कबूल केलेलं. आम्ही मायलेकी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार लेकीकडे न बघता मला म्हणाला, "ताई, आतलं सगळं वायरिंग बदलायला लागेल. दीड हजार होतील, दिवाळीनंतर या." लेकीने विचारलं, "काका, पॉट गेलाय की कपॅसिटर?" तो हसला. "तू वाजव गं, आतलं आम्ही बघतो!"

येताना जिन्यातच तिचे डोळे भरले. मी बी.ए. मराठी. घरातला फ्यूज गेला तरी मी आधी मेणबत्ती शोधते. मी काय समजूत घालणार?

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. या काकूंची आणि माझी ओळख बचत गटामुळे. गटाचा फॉर्म भरताना 'येत असलेले कौशल्य' या रकान्यासमोर मी थांबले होते. त्या म्हणाल्या, "लिही, काही नाही." आणि मी खरंच तसं लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी गिटारचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोल्डरच मारायचाय ना? मग आण की वर. एकोणीस वर्षं तेच केलंय."

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची सुरुवातीची वसाहत. आज तिथे काचेच्या इमारती आणि आयटीवाल्यांची गर्दी दिसते, पण एके काळी तिथल्या कारखान्यांच्या भोंग्यावर ठाण्यातल्या कितीतरी घरांचे डबे भरले जायचे. काकू तिथल्याच एका कंपनीत बोर्डावर सुटे भाग जोडायच्या. कंपनी बंद पडली, काकू घरी बसल्या. त्यांच्या लेखी ते शिक्षण नव्हतंच, नुसतं पोटासाठी केलेलं काम.

आता थोडं गिटारच्या पोटातलं सांगते, कारण मला कळलं म्हणजे तुम्हालाही कळेलच, मैत्रिणींनो! तारांच्या खाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. लोखंडी तार थरथरली की वेढ्यांत अगदी बारीकशी वीज तयार होते. ती व्हॉल्यूमच्या बटणातून बाहेर अँप्लिफायरकडे जाते. वाटेतच एक आडवाट काढलेली असते, ती टोनची. तिच्यावर कपॅसिटर नावाचा हिरवा किंवा तपकिरी, चिंचोक्याएवढा दाणा बसवलेला असतो. हा दाणा तीक्ष्ण स्वरांना सहज वाट देतो, जाड्या स्वरांना अडवतो. बटण कमी केलं की तीक्ष्ण आवाज या आडवाटेने जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जाऊन मिळतो आणि स्पीकरमधून गोल, मऊ स्वर येतो. बटण दहावर ठेवलं की आडवाट जवळजवळ बंद. म्हणजे हे बटण चिरकेपणा वाढवत नाही, फक्त काढून टाकतं. ताकातलं लोणी काढावं तसं. मला वाटायचं की दहावर ठेवलं म्हणजे काहीतरी जास्तीचं मिळतं!

सामान आणायला लेक एकटी लोकलने ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवर गेली. त्या पिकअपला २५० के चा पॉट चालतो. वर 'ए' लिहिलेला बघून घ्यायचा, कारण 'बी' मध्ये बटण फिरवत राहिलं तरी बराच वेळ काही फरक पडत नाही आणि शेवटी एकदम पडतो. कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा. एवढं सगळं त्या दाण्यावर मावत नाही म्हणून तिथे नुसतं ४७३ छापलेलं असतं. काकूंनी चष्मा न लावता ओळखला.

खिडकी उघडून, मोकळ्या हवेत, जुन्या पाटावर काम सुरू झालं. जोडण्याआधी काकूंनी पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासायला लावली. "चकचकीत पत्र्यावर टाका धरत नाही गं. आणि सोल्डर गनला लावायचा नाही, जागा तापवायची आणि जागेला लावायचा. आपोआप पसरतो बघ." पहिल्या दोन टाक्यांना त्यांचा हात थोडा थरथरला. तिसऱ्याला नाही.

व्हॉल्यूमच्या ज्या पायावर पिकअपची वायर येते, तिथून एक वायर टोनच्या मधल्या पायाला. टोनच्या कडेच्या एका पायाला कपॅसिटर, त्याचं दुसरं टोक पॉटच्या पाठीवर. तिसरा पाय रिकामा. इथेच लेकीने घोळ घातला. कडेचे पाय दोन, तिने चुकीचा धरला. मग काय, बटण वाढवलं की आवाज मऊ आणि कमी केलं की चिरका, सगळा उलटा कारभार! काकू हसून म्हणाल्या, "काढ परत. काढता आलं म्हणजे शिकलीस." 

गुणगुण मात्र तशीच. एरवी तारांना हात लावला की ती कमी व्हायला हवी, इथे होत नव्हती. तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या धातूच्या पट्टीकडून पॉटच्या पाठीवर एक अर्थिंगची वायर येते, तीच तुटलेली निघाली. एक टाका मारला आणि भुंगा गेला. दीड हजाराचं काम शंभर रुपयांच्या आत झालं, त्यात लोकलचं तिकीटही आलं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. गिटारच्या आत इतकी कमी वीज असते की भीती नाही. पण अँप्लिफायर उघडायचा नाही, प्लग काढला तरी त्यात झटका साठून राहतो. आणि त्याची तीन पिनांची अर्थिंग तोडून दोन पिनांवर चालवायचा नाही. १९७२ मध्ये लेस हार्वी हा ब्रिटिश गिटारवादक अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. मंडपातल्या ओढलेल्या वायरी बघितल्या की मला ते आठवतं. हाताला शिसं लागतं म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, हे काकूंचं. 

लेक आता गाण्याच्या मागे साथ करताना टोन चार-पाचवर ठेवते, म्हणजे गाणारीचा आवाज झाकला जात नाही. आणि मधला तुकडा आला की करंगळीने बटण दहाकडे नेते. एरिक क्लॅप्टन साठच्या दशकात टोन पार उतरवून वाजवायचा, त्या जाड, गाणाऱ्या आवाजाला 'वुमन टोन' म्हणतात, असं तिने सांगितलं. बायकांचा आवाज म्हणजे तीक्ष्णपणा काढून टाकलेला, असं का बरं वाटलं असेल त्यांना? आमच्या गटाची मीटिंग ऐकली नसेल!

त्या रात्री लेकीने आणखी एक माहिती वाचून दाखवली. अमेरिकेत फेंडर नावाची नामांकित गिटार कंपनी. तिथे १९५६ पासून अबिगेल यबारा नावाची बाई पिकअपला तारेचे वेढे घालायचं काम करायची. पुढे पन्नासहून जास्त वर्षं तिने तेच केलं. तिच्या हातचे पिकअप वादक मुद्दाम शोधून घेऊ लागले, त्यांवर तिच्या नावाची अक्षरं असायची. मला भरून आलं. काकूंनी मात्र शांतपणे विचारलं, "मग तिचा पगार वाढवला का नाही?"

लेकीकडे उत्तर नव्हतं.

कोजागिरी छान झाली, पण गंमत त्याआधीची. अष्टमीच्या दुपारी बेंजो पार्टीतला एक पोरगा जिना चढून आला. त्याच्या बेंजोलाही तसाच पिकअप आणि तशीच बटणं, आणि संध्याकाळी मिरवणुकीत वाजवायचं तर खरखर सुरू झालेली. "इथे एक आजी सोल्डरिंग करतात ना?" त्याने विचारलं. काकूंनी बेंजो मांडीवर घेतला, पत्रा उघडून आत बघितलं, वायर हलवून बघितली.

"पन्नास रुपये होतील," त्या म्हणाल्या. "आधी दे."