दोन कामे, एक कागद

बँकेत लागलो त्या पहिल्याच आठवड्यात हेडकॅशिअरांनी बजावले होते : ज्याने व्हाउचर लिहिले, त्याने ते पास करायचे नाही. तेव्हा मला तो निव्वळ अविश्वास वाटला. त्यातले शहाणपण पुन्हा आठवले ते निवृत्तीनंतर, आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळामुळे.

ते भाच्याने हौसेने केलेले. वार्षिक सभेची तारीख बदलायची म्हणून चिटणीसबाईंनी फाइल उघडली आणि चुकून एक अर्धविराम पुसला. झाले! पान पांढरेफटक. बाई घाबरल्या. भाचा म्हणाला, "मामा, पानातच प्रोग्रॅम लिहिलाय ना!"

ही पद्धत जुनी आहे. रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९४ साली आपला बायोडाटा इंटरनेटवर किती जण पाहतात हे मोजायला छोटी साधने लिहिली आणि १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. त्यातून 'पीएचपी' वाढली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टची 'एएसपी' आली. युक्ती सोपी. पानाच्या मजकुरात मधेच प्रोग्रॅमच्या ओळी लिहायच्या. सर्व्हर त्या चालवतो, त्यांच्या जागी उत्तर भरतो आणि तयार पान धाडतो. छापील अर्जातल्या रिकाम्या जागा कारकुनाने भराव्यात, तसे. चार पानांच्या घरगुती कामाला हे फार सोयीचे.

काम वाढले की अडचणी सुरू होतात. आमच्याकडे विलंबशुल्काचा दर सहा पानांत लिहिलेला होता. पाच ठिकाणी बदलला, सहावे राहिले. एका आजोबांना दोन पानांवर दोन आकडे दिसले. शिवाय पानासोबत आधी जणू पाकीट जाते. पत्राची पहिली ओळ बाहेर पडली की पाकिटावरचा पत्ता सहसा बदलता येत नाही. सभासदाची ओळख पटली नाही हे प्रोग्रॅमला पान निम्मे गेल्यावर कळले, तर त्याला दुसऱ्या पानाकडे वळवायला उशीर झालेला असतो.

सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच. कुणी अभिप्रायात नावाऐवजी आज्ञा लिहिली आणि ती पानात जशीच्या तशी उमटली, तर ती इतर वाचकांच्या संगणकावर चालू शकते. म्हणून बाहेरून आलेला मजकूर छापताना प्रत्येक ठिकाणी निर्धोक करावा लागतो. सरमिसळ पानात अशा जागा विखुरलेल्या. एक विसरली तरी पुरते.

उपाय आमच्या हेडकॅशिअरांचाच. हिशेब एका फाइलीत, मांडणी दुसरीत; मांडणीला फक्त तयार आकडे द्यायचे आणि बाहेरचा मजकूर निर्धोक करण्याची चाळणी एकाच जागी लावायची. भाच्याचे दोन रविवार त्यात गेले.

परवा चिटणीसबाईंनी पुन्हा तारीख बदलली. मी शेजारीच चहा घेत होतो. त्यांनी मला हाकही मारली नाही.