तीन व्यंजनांचा लगाम

घोड्याच्या जबड्याभोवती बसणाऱ्या लगामाच्या भागाला अरबीत ‘हकमा’ म्हणतात. जनावराला उधळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. दहाव्या शतकातला कोशकार इब्न फारिस यानं ह-क-म या धातूचा मूळ अर्थच ‘अडवणं’ असा सांगितला आणि बाकीचे शब्द त्यावरून उलगडले: ‘हुक्म’ अन्यायाला अडवतो, ‘हिक्मा’ म्हणजे शहाणपण अज्ञानाला अडवतं.

अरबीत व्यंजनं तीच राहतात, स्वर बदलले की शब्द बदलतो. हाकिम म्हणजे सत्ता चालवणारा, हकीम म्हणजे ज्ञानी, महकमा म्हणजे न्यायालय. इब्न सीनासारखा तत्त्वज्ञ वैद्यही असे, म्हणून हकीम हा शब्द दवाखान्यातही रुळला.

‘हकम’ म्हणजे लवाद. आज फुटबॉलच्या मैदानावरच्या पंचालाही अरबीत हेच म्हणतात. पण या शब्दामागे रक्तरंजित आठवण आहे. ६५७ साली युफ्रेटिसकाठी सिफ्फीन इथं खलिफा अली आणि त्यांचा प्रतिस्पर्धी मुआविया यांची सैन्यं भिडली. भाल्यांच्या टोकांवर कुराणाची पानं उंचावली गेली, लढाई थांबली आणि निवाडा दोन लवादांकडे सोपवायचं ठरलं. अलींच्याच गोटातल्या काहींना हे मानवलं नाही. ‘हुक्म फक्त अल्लाचा’ अशी घोषणा देत ते बाहेर पडले. इतिहासात ते खारिजी ठरले. निवाडा करण्याचा अधिकार माणसाला आहे का, हा त्यांचा प्रश्न या धातूच्या गाभ्यालाच हात घालणारा होता.

व्यापार आणि धर्माबरोबर हे शब्द दूरवर गेले. तुर्की भाषेत हाकिम न्यायाधीश आणि हेकिम डॉक्टर. स्वाहिलीत हेकिमा म्हणजे शहाणपण. इंडोनेशियात कायद्याला हुकुम म्हणतात आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचं नाव ‘महकामा आगुंग’ आहे.

मराठीत ही मंडळी फारसीच्या वाटेनं आली. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशानं दरबारी अरबी-फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी हुकूम बोलण्यातून हटला नाही. उलट मराठीनं त्याला ‘शहा’ जोडून हुकूमशहा घडवला. हिंदीत त्याला तानाशाह म्हणतात. ‘हुकमी उपाय’, ‘हुकमी फलंदाज’ यांत तर आज्ञेचा मागमूस नाही, आहे ती खात्री.

हिकमतीचा प्रवास सर्वांत देखणा. तत्त्वज्ञांचं शहाणपण मराठीत हाताच्या कसबात उतरलं. बंद पडलेला पंप तारेच्या तुकड्यानं चालू करणारा शेतकरी हिकमती असतो. अर्थ घसरला असं कुणी म्हणेल. खरं तर त्याला इथं अंग फुटलं.

आणि पत्ते? मराठी घरात ‘हुकूम कुठला?’ असं विचारलं, तर उत्तर बदाम, चौकट, किलवर, इस्पिक यांपैकी काहीही असू शकतं. हिंदी भाषक शेजारी डावात बसला असेल, तर तो हुकूम म्हणजे इस्पिकच समजतो. पानं वाटण्याआधी दोघांना एकमेकांचा शब्द समजावून घ्यावा लागतो.