गुलाबी पाणी आणि घामातलं मीठ

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे मैदानावर १६०० मीटरचा सराव करतात. कुंपणापाशी त्यांच्या शेकर बाटल्या ठेवलेल्या असतात, कुणाची गुलाबी, कुणाची निळी. पळून आलेल्या मुलाच्या काळ्या टी-शर्टवर, पाठीच्या बाजूला, घाम वाळून पांढरे ओघळ उमटलेले दिसतात. ते मीठ असतं. मुलगा मात्र बाटली उचलून सांगतो, "अमिनो आहे. घामातनं जातं ते सगळं भरून निघतं."

भरून निघत नाही. घामातून जातं ते पाणी आणि क्षार, मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड. लिटरभर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम असतं. कुणाचं निम्मं, कुणाचं दुप्पट. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. मिठाची जागा त्या घेऊ शकत नाहीत. पावडरीत सोडियम मिसळलेलं असेल तर काम ते करतं आणि नाव अमिनोचं होतं.

दुसरा समज व्यायामशाळेत रोज ऐकू येतो : बीसीएए घेतलं की स्नायू वाढतात. शरीर २० अमिनो आम्लांपासून प्रथिनं बांधतं. त्यांतली ९ अन्नातूनच मिळवावी लागतात आणि बीसीएए म्हणजे त्या नवांतली फक्त ३ : ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन. ल्युसीन स्नायूंना बांधकाम सुरू करायला सांगतं, हे खरं आहे. पण गवंडी हजर झाला आणि विटाच आल्या नाहीत, तर भिंत उभी राहणार कशी? उरलेली सहा जेवणातून आली नाहीत तर शरीर ती स्वतःचेच स्नायू मोडून आणतं. व्हे प्रोटीन घेणाऱ्याला तर बीसीएएचा वेगळा डबा लागतच नाही; व्हेमध्ये ही तिन्ही भरपूर असतात.

"पण आम्ही शाकाहारी, आम्हाला पावडरीशिवाय पर्याय काय?" ज्वारी-तांदळात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर, डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. वरणभात, पिठलं-भाकरी, उसळ-पोळी या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि दोन्ही एकाच घासात असायला हवं असंही नाही. अडचण जोडीत नसून प्रमाणात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात; ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. कसून व्यायाम करणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅम. पाण्यासारख्या पातळ वरणाच्या वाटीत हे भागत नाही. वरण घट्ट करा, जोडीला दही, शेंगदाणे, सोयाबीन घ्या. अंडं चालत असेल तर एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. त्यावर पैसे उरले तर डब्याचं बघू.

शिवाय अमिनोच्या गोळ्या निरुपद्रवीच असतात असंही नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या गोळ्या खाऊन दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले. संशय उत्पादनात शिरलेल्या अशुद्धीवर होता. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये.

आता पाणी. "जितकं प्याल तितकं चांगलं" हा सल्ला लांब पळणाऱ्यांना धोक्याचा ठरतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं निघालं. पळताना गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्याने त्यांतल्या अनेकांचं वजन उलट वाढलं होतं. तहान लागेल तसं प्यावं, तासापलीकडे उन्हात घाम गाळायचा असेल तर त्यात मीठ-साखर असावी. एसीत बसून काम करणाऱ्याला मात्र इलेक्ट्रोलाइटचं पाकीट कशाला? लोणचं, पापड, आमटीतून त्याच्या पोटात आधीच जास्त मीठ जात असतं.

सगळ्यात जिवावर बेतणारा गैरसमज जुलाबातला आहे : दुकानातलं कुठलंही गोड पेय म्हणजे ओआरएस. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं. आजच्या प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. साखर बेसुमार वाढली की ती शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, त्यामुळे जुलाबात एकट्या शहाळ्यावर विसंबू नका.

घरात ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचाच घ्या, अंदाजाने मूठ टाकू नका. आणि खरं पाकीट हवं असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावातल्या आशाताईंकडे विचारा. तिथे ते फुकट मिळतं.