हजेरीपटावर न दिसणारे दुखणे

दरवर्षी 19 जूनला जागतिक सिकलसेल दिन पाळला जातो. सरकारी दवाखान्यात फलक लागतात, एखादी रॅली निघते, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सारे शांत होते. नेमक्या याच दिवसांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या खेड्यापाड्यांतून आमची मुले-मुली बारावी पास होऊन कॉलेजच्या प्रवेशासाठी नागपूरची वाट धरतात. त्यांतल्या काहींच्या पेटीत पुस्तकांबरोबर गोळ्यांचे पाकीटही असते. ही मुले पुढे पदवीपर्यंत पोहोचतात की नाही, याची चौकशी कोणी करायची, असा आमचा सवाल आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. रक्तातल्या गोल, लवचीक तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पाठीत असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांतच मरते. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे आणि थकवा कायमचा. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’, असतील तर प्रत्येक वेळी ‘एसएस’ मूल जन्मण्याची शक्यता 25 टक्के असते. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तेथे हा दोष टिकून राहिला. कारण वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून तो आफ्रिकेत आहे आणि विदर्भातील आदिवासी, बौद्ध व ओबीसी समाजातही आहे. यात पूर्वजन्मीचे पाप नाही, करणी नाही, घराण्याचा कलंक तर मुळीच नाही. 1956 साली दीक्षाभूमीवर दैववाद झुगारणाऱ्या समाजाने पिवळे डोळे पाहून मांत्रिकाचे दार गाठावे, हे शोभणारे नाही.

वैद्यकशास्त्रात या आजाराची पहिली सविस्तर नोंद झाली तीसुद्धा एका कॉलेज विद्यार्थ्याची, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा कृष्णवर्णीय तरुण 1904 साली दंतवैद्यक शिकायला अमेरिकेत शिकागोला गेला आणि त्याच डिसेंबरात रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींवर डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पण त्याआधीच, वारंवार आजारी पडूनही, नोएलने 1907 साली पदवी घेतली, मायदेशी परतून दवाखाना थाटला आणि 1916 साली ऐन तारुण्यात तो मरण पावला. त्या काळी या आजारावर औषध नव्हते. आज औषध आहे, तरी आमची मुले दुसऱ्या वर्षीच गावी का परततात?

कारण आजार रक्तात असला तरी शिक्षण तोडते ती व्यवस्था. डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी प्या, थंडी-ऊन टाळा, अतिश्रम करू नका, हायड्रॉक्सियुरिया व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नेमाने घ्या, रक्ताची तपासणी चुकवू नका, अंगात 101 ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आता हे वसतिगृहात करून पाहा! पिण्याच्या पाण्याचे यंत्र बंद, जानेवारीच्या पहाटे गार पाण्याची आंघोळ, खोली तिसऱ्या मजल्यावर आणि परीक्षा नागपूरच्या ऐन उन्हाळ्यात. कळा आल्या की मूल चार-आठ दिवस खाटेवर पडते. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून प्राध्यापक म्हणतात, ढोंग करतो. 75 टक्के हजेरी भरली नाही की परीक्षेचा फॉर्म अडतो. सवलतीवर आलेली मुले आळशीच असतात, असे टोमणे वर ऐकावे लागतात. मुली तर लग्न जुळणार नाही या धास्तीने मैत्रिणींपासूनही गोळ्या लपवतात.

कायदा मात्र या मुलांच्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये सिकलसेलचा समावेश आहे. कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ व लेखनिकाची तरतूद आहे. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर कलम 32 प्रमाणे सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. परंतु त्याच कायद्याच्या कलम 34 मध्ये नोकरीतील 4 टक्के आरक्षणाच्या यादीतून रक्ताचे आजार वगळले आहेत. म्हणजे शिका, पण नोकरी मागू नका! हा कोणता न्याय? 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट. तिचा भर आदिवासी भागांवर आहे, तो रास्तच आहे. पण शहरातल्या झोपडपट्टीत व वसतिगृहात राहणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्याचाही तिच्यावर तेवढाच हक्क आहे.

1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या ब्लॅक पँथरने 1971 पासून काळ्यांच्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली होती. सरकार आमच्या आजाराकडे बघत नाही, मग आम्हीच बघू, ही त्यांची भूमिका. 1972 मध्ये अमेरिकेला सिकलसेलसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आम्ही पँथरची गर्जना घेतली, आता हे कामही घ्यावे.

काम अवघड नाही. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी संघटनांनी कॉलेजात मदत-टेबल लावावे. तपासणी आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मुलांना घेऊन सरकारी रुग्णालयात जावे. तपासणीचा निकाल ज्याचा त्यालाच कळावा, नावांची यादी फलकावर लागता कामा नये. गृहपालांना भेटून तळमजल्यावरची खोली, गरम पाणी आणि बाटलीभर पिण्याचे पाणी मागावे. आजारपणाची रजा हजेरीत धरावी, असे निवेदन विद्यापीठाला द्यावे. ऐकले नाही तर धरणे धरावे. आणि शेजारच्या खाटेवरचा मित्र कळांनी तळमळत असेल तर त्याला ढोंगी न म्हणता रिक्षा बोलवावी.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी ते जर्जर झाले होते, तरी लेखणी थांबली नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण जिद्दीच्या गोष्टी सांगून आजारी पोराच्या अंगावर सारा भार टाकणे पुरेसे नाही. त्यांनी मुलांसाठी वसतिगृहे व कॉलेजे काढली ती एकट्याने झगडावे लागू नये म्हणूनच. यंदा एकही मूल हजेरीअभावी घरी परतू नये, एवढा तरी निर्धार आपण करू या!

जयभीम!