सराईत

लासूर स्टेशनचा आठवडी बाजार. कांद्याच्या गोण्या आणि जनावरांच्या गर्दीपासून जरा बाजूला एक बाई पाट्याला टाकी मारत बसली होती. डाव्या हातात तिरकी धरलेली टाकी, उजव्या हातात आखूड हातोडी. टक टक टक करत एक ओळ पुरी झाली की ती तोंडाने फुंकर घालून दगडाचा भुगा उडवी, तळवा फिरवून पाहत असे आणि पुढची ओळ धरी. डोळ्यांत कच जाऊ नये म्हणून पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ज्यांचा पाटा होता त्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "लई सराईत हात हाय बघा."

माझ्या हातात भेळेचा पुडा होता. भेळ संपली आणि कागदावरचा मथळा वर आला. कुठल्याशा 'सराईत' टोळीला अटक झाल्याची जुनी बातमी होती. शब्द एकच. एकीच्या हाताला लावला की शाबासकी, दुसऱ्याच्या नावाला लावला की गुन्हा. सराईत म्हणजे सराव असलेला, हात बसलेला. या शब्दाला पोलीस ठाण्याचा वास कधी लागला, हा प्रश्न मला बाजारात नव्हे तर त्या रात्री मोबाइलवर एक परदेशी चित्रपट पाहताना पडला.

शक्ती असलेल्यांचं शहर

'कोड 8 : पार्ट टू' हा चित्रपट 28 फेब्रुवारी 2024 रोजी नेटफ्लिक्सवर आला. दिग्दर्शक जेफ चॅन. 2016 चा एक लघुपट, मग लोकवर्गणी गोळा करून 2019 साली केलेला पहिला भाग आणि त्यानंतर हा दुसरा. लिंकन सिटी नावाच्या कल्पित शहरात शंभरातली चार माणसं जन्मतःच काहीतरी अचाट करू शकतात. कुणाच्या हातातून वीज निघते, कुणी नुसत्या मनाने वजन उचलतं. शहर उभं राहिलं ते यांच्याच श्रमांवर. पुढे यंत्रं आली आणि यांची गरज संपली. शक्ती मात्र उरली. मग नोंदणी आली, परवाने आले, आकाशातून उतरणारे यंत्रपोलीस आले. पहिल्या भागाचा नायक कॉनर नाक्यावर रोजंदारीसाठी उभा राहतो. दुसऱ्या भागात तो तुरुंगातून सुटून आलेला असतो आणि पावनी नावाच्या किशोरवयीन मुलीला वाचवायला निघतो. आता पोलिसांकडे यंत्राचे कुत्रे आहेत. ते कुणाचा जीव घेत नाहीत अशी जाहिरात आहे. पावनीच्या भावाचा जीव मात्र तशाच कुत्र्याने घेतलेला आहे आणि ती त्याची साक्षीदार आहे.

चित्रपट म्हणून तो बेताचाच आहे. पण त्याच्या पार्श्वकथेपाशी मी अडखळलो, कारण तिचा क्रम ओळखीचा होता. आधी अंगच्या कसबाचा वापर, मग यंत्र, मग बेकारी, मग नोंदवही. लासूर स्टेशनाच्या नावातच त्या यंत्राचं नाव आहे.

बैलांचा तांडा आणि आगगाडी

मूळ लासूर गाव वेगळं. ही वस्ती रुळांमुळे वाढली. निजामाच्या राज्यातून जाणारा मनमाड–सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला. त्याआधी दख्खनच्या पठारावर धान्य आणि मीठ हलत होतं ते लमाणांच्या बैलांवर. हजारो बैल पाठीवर गोण्या घेऊन, गाडीवाटही नसलेल्या मुलखातून चालत. दुष्काळात कुठे धान्य आहे, कोणत्या ओढ्याला पाणी आहे, कोणता घाट पावसात बंद होतो, हे तांड्याच्या नायकाला तोंडपाठ असे. मोगलांच्या फौजा त्यांच्याच धान्यावर चालल्या. 1803 साली आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेल्या आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात लढाईइतकीच काळजी 'ब्रिंजारीं'च्या बैलांची आहे. ते वेळेवर पोचले नाहीत तर सैन्य उपाशी राहणार होतं.

रूळ पडले आणि ही सगळी विद्या एका पिढीत निकामी होत गेली. वडारांची गोष्टही फार वेगळी नाही. मातीवडार माती खणणारे, गाडीवडार दगड वाहणारे, जातेवडार जाती-पाटे घडवणारे. तलाव, विहिरी, रस्ते आणि रेल्वेचे भराव यांच्या हातांनी झाले. काम संपलं की मुक्काम हलवायचा. सरकारच्या लेखी मात्र मुक्काम हलवणारा माणूसच संशयाचा होता.

जन्माचा गुन्हा

हा संशय आधीपासून मुरत होता. 1830 च्या दशकात विल्यम स्लीमनने ठगांविरुद्ध मोहीम उघडली. निजामाच्या चाकरीत असलेल्या फिलिप मेडोज टेलरने 1839 साली एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहून ती कल्पना विलायतेच्या दिवाणखान्यात पोचवली. गुन्हा हा इथे सुतारकी-लोहारकीसारखा बापाकडून मुलाकडे जातो, असा समज पक्का झाला. 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने त्याचा कायदा केला. प्रांतिक सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की त्या घोषणेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. आरोप नाही, खटला नाही. जन्म हाच पुरावा.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेकडच्या प्रांतांपुरता होता. 1911 च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात, म्हणजे मुंबई इलाख्यातही लागू करता आला आणि नोंदणीत बोटांचे ठसे आले. ठशांची ही विद्यासुद्धा इथेच घडलेली. 1897 साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची रीत बसवून दिली. लिंकन सिटीतल्या नोंदणीला शंभर वर्षं आधीचा हा नमुना. निजामाच्या राज्यातही स्वतंत्र कायद्याने लंबाडे म्हणजे आपले लमाण या यादीत आले.

चोऱ्या झाल्याच नाहीत असं कुणी म्हणत नाही. ज्याचं काम गेलं, कुरण गेलं, त्यातले काही चोरीकडे वळले असतील. पण कायद्याला चोर नको होता, त्याला जमात हवी होती.

तारेच्या आत

या कायद्याचा कारभार पाहायचा तर सोलापूरला जावं. तिथल्या एका भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. मुंबई इलाख्यात या वसाहतींचा प्रमुख अधिकारी होता ओ. एच. बी. स्टार्ट. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनने चालवली. काटेरी तारेच्या आत कैकाडी, भामटे, पारधी, कंजारभाट अशी कुटुंबं ठेवलेली. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर पडायचं तर पास. हजेरी चुकली तर शिक्षा. दिवसा हीच माणसं सोलापूरच्या गिरण्यांत राबत. सरकारला सुधारणा मिळाली आणि गिरण्यांना मजूर मिळाले. 1897 च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची तरतूदही करून ठेवली होती. पोलीस आपल्याला उचलून नेतील ही पावनीची भीती पडद्यावर कल्पित आहे. इथे तिला कलम होतं.

दुसरा भाग

मुंबई राज्याने हा कायदा 1949 साली रद्द केला. देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्रात बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, पाल पारधी, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद अशा 14 जाती 'विमुक्त' झाल्या.

पण प्रत्येक यशस्वी चित्रपटाप्रमाणे या कायद्याचाही दुसरा भाग निघाला. त्याचं नाव मुंबई सराईत गुन्हेगार कायदा, 1959. आता जमात नाही, व्यक्ती. पण नोंद, हजेरी, हालचालींवर नजर ही सामग्री जुनीच. आणि पोलिसांच्या वहीत आधीपासून कुणाची नावं होती? सराईत हा शब्द सरकारी शिक्क्यासह बदनाम झाला तो इथे. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला असे कायदे रद्द करायला सांगितलं.

फासेपारध्यांच्या बाबतीत तर कसबच गुन्हा ठरलं. फासा म्हणजे काय, तर जमिनीत रोवायच्या बारीक खुंट्यांची रांग आणि प्रत्येकीला बांधलेला, दिसेल न दिसेल असा सरकफास. तित्तिराचा हुबेहूब आवाज काढायचा, पाखरू पायवाटेने चालत फाशात येईल इतका धीर धरायचा. पाखराची वाट, वारा, वेळ ओळखण्याची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. ते गरजेचंच होतं. पण जंगल इतकं वाचू शकणाऱ्या माणसाला जंगलाचा राखणदार करावं, हे मोजक्याच ठिकाणी कुणाला सुचलं. बाकीच्यांसाठी गावाबाहेरचं पाल, आणि गावात घरफोडी झाली की पहिली धाड त्याच पालावर.

फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर हा विमुक्त जमातीतला तरुण कोठडीत मेला. त्या वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना काढली. त्यातले गायकवाड आपल्या मराठवाड्याचे, लातूरकडचे. त्यांच्या 'उचल्या'ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याआधी लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला मिळाला होता. भीमराव गस्तींनी 'बेरड' लिहिलं. ही शीर्षकं एका ओळीत ठेवून वाचा: उपरा, उचल्या, बेरड. ज्या शब्दांनी गावाने हाकललं तेच शब्द त्यांनी मुखपृष्ठावर छापले. पोलिसांच्या नोंदवहीला उत्तर म्हणून त्यांनी स्वतःची नोंद स्वतः केली.

यंत्राचा कुत्रा

आता तिसरा भाग सुरू आहे. 2022 च्या कायद्याने अटक झालेल्यांचे ठसेच काय, डोळ्यांच्या बुबुळांपर्यंतची मोजमापं घेता येतात आणि ती नोंद 75 वर्षं ठेवता येते. 2024 साली महाराष्ट्र सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र कंपनी काढली. तिच्या इंग्रजी नावाचं लघुरूप होतं 'मार्व्हल'. महानायकांच्या चित्रपटांचं नाव पोलिसांच्या यंत्राला मिळावं, असा योग पटकथाकारालाही जुळवता आला नसता.

तंत्रज्ञान वाईट नाही. पण यंत्र शिकतं ते जुन्या नोंदींवरून. दीडशे वर्षं ज्यांची नावं वहीत लिहिली गेली त्यांच्याकडेच ते बोट दाखवणार, आणि आपण म्हणणार की यंत्राला कुठे जात कळते!

दिलाशाची गोष्ट एक आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल दिला. तुरुंगातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला आणि विमुक्तांची मनमानी धरपकड होऊ नये म्हणून पोलिसांना बजावलं. खोडला तो एक रकाना. पण ही सारी कहाणी अशाच एका रकान्यापासून सुरू झाली होती.

पुढच्या बाजाराला मी घरातला जुना पाटा घेऊन गेलो. मिक्सर आल्यापासून तो मोरीत पालथा पडलेला होता. बाईने त्याच्यावर पाणी शिंपडलं, बोटं फिरवली आणि म्हणाली, "धा वर्सं टाकी न्हाई लागली ह्याला." पाट्यावरची नोंद तिला वाचता येत होती. मग तिने टाकी तिरकी धरली आणि पहिली ओळ सुरू केली.