शिसपेन्सिलीने लिहिलेला अर्ज

गरीब कैद्याला सरकारने मोफत वकील दिला पाहिजे, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलं, तेव्हा त्यांनी एका अमेरिकन कैद्याच्या खटल्याचा दाखला दिला होता. तो निकाल वाचताना गिडियन हे नाव मला पहिल्यांदा भेटलं. तेव्हापासून त्याच्या अर्जाच्या छायाप्रती मी पुनःपुन्हा बाहेर काढतो. रेघांचा कागद, माथ्यावर तुरुंगाने छापलेले पत्रव्यवहाराचे नियम आणि खाली शिसपेन्सिलीचं जपून काढलेलं अक्षर.

क्लॅरेन्स अर्ल गिडियन आठवीपर्यंत शिकलेला, आधी अनेकदा तुरुंग पाहिलेला माणूस. फ्लॉरिडातल्या पनामा सिटीत एक पूलरूम फोडल्याच्या आरोपावरून जून १९६१ मध्ये त्याला पकडलं. गेलं काय होतं, तर थोडी दारू आणि यंत्रांतली चिल्लर. ऑगस्टमध्ये कोर्टात उभं राहून त्याने वकील मागितला. न्यायाधीश मॅक्रेरी म्हणाले, फ्लॉरिडाच्या कायद्यात ही सोय फक्त देहदंडाच्या गुन्ह्यांसाठी आहे. त्यावर गिडियनने ठणकावलं, की सर्वोच्च न्यायालयाच्या मते वकील हा माझा हक्क आहे.

सर्वोच्च न्यायालयाचं मत तसं नव्हतंच. माझं मन अडकतं ते इथे. अमेरिकेच्या सहाव्या घटनादुरुस्तीत वकिलाचा हक्क आहे खरा. पण राज्यांच्या कोर्टांत तो सरसकट लागू नाही, आरोपी निरक्षर किंवा मनाने दुबळा असला, अशी काही खास परिस्थिती असली, तरच वकील द्यावा, असं १९४२च्या बेट्स विरुद्ध ब्रेडी या निकालाने ठरवलं होतं. म्हणजे कायद्याने मॅक्रेरी बरोबर होते. गिडियनने स्वतःच आपली बाजू मांडली आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

रेफर्डच्या तुरुंगातून त्याने पाठवलेला अर्ज जानेवारी १९६२ मध्ये वॉशिंग्टनला, सर्वोच्च न्यायालयात पोचला. त्यात खास परिस्थितीचा उल्लेख नाही. मी अडाणी आहे, आजारी आहे, असं तो कुठे म्हणत नाही. गरिबाला वकील नाकारला की खटला न्याय्य राहत नाही, एवढंच सांगतो. एखाद्या जाणत्या वकिलाने तो अर्ज बेट्सच्या चौकटीत नीट बसवून दिला असता आणि ती चौकट तशीच राहिली असती, असं मला ठामपणे वाटतं.

न्यायालयाने त्याच्यासाठी एब फोर्टास यांच्यासारखा नामांकित वकील नेमला. समोर फ्लॉरिडाच्या बाजूने उभा होता तरुण वकील ब्रूस जेकब. केंद्राने राज्यांच्या फौजदारी कामात किती हात घालायचा, हा जुना वाद होता. म्हणून त्याने इतर राज्यांच्या महाधिवक्त्यांना पत्रं पाठवून पाठिंबा मागितला. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलायना तेवढी बाजूने आली. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले वॉल्टर मॉन्डेल तेव्हा मिनेसोटाचे महाधिवक्ता होते. ते पत्र वाचून ते उलट कामाला लागले आणि बावीस राज्यांनी गिडियनच्या बाजूने निवेदन दिलं. स्वतःचे अधिकार आखडतील हे माहीत असून राज्यांनी घेतलेली ही भूमिका मला निकालाइतकीच मोलाची वाटते.

१८ मार्च १९६३ रोजी नऊही न्यायमूर्तींनी एकमताने बेट्सचा निकाल रद्द केला. निकालपत्र लिहिलं ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२ मध्ये बेट्समध्ये विरोधी मत नोंदवणारे तेच होते.

गिडियन मात्र अजून सुटला नव्हता. ऑगस्टमध्ये त्याच गावात, मॅक्रेरींसमोरच फेरखटला उभा राहिला. आता शेजारी फ्रेड टर्नर हा स्थानिक वकील होता. पूलरूम फोडली गेली त्या पहाटे गिडियनला नेणाऱ्या टॅक्सीवाल्याने साक्ष दिली, की मला कुठे सोडलंस ते कुणाला सांगू नकोस, असं तो म्हणाला होता. टर्नरने उलट विचारलं, याआधी कधी असं म्हणाला होता का? टॅक्सीवाला म्हणाला, हो, दर वेळी म्हणायचा. त्याचं बायकोशी पटत नव्हतं.

ज्युरी तासाभरात परतली. गिडियन निर्दोष ठरला.